जादा तारखेची वाट पाहावी की आत्ताच रीसेलला तिकीट घ्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आवडत्या बँडचा स्टेडियममध्ये एकच शो जाहीर झाला. विक्री सुरू व्हायच्या बऱ्याच आधीपासून तुम्ही लॉगिन करून बसला होतात. रांगेत पुढे हजारो लोक दिसले आणि तुमची पाळी येईपर्यंत 'सोल्ड आउट'ची पाटी लागली. तासाभरात रीसेलच्या, म्हणजे कुणीतरी आधी घेतलेली तिकिटं पुन्हा विकायच्या, साइटवर तिकिटं तिप्पट भावाने दिसायला लागली. तुम्ही चौघं आहात आणि प्रवास करून जायचंय. एक मित्र म्हणतो, दुसरी तारीख लागणारच, थांबू या. दुसरा म्हणतो, आत्ताच घेऊन टाकू, नंतर हेही परवडणार नाही.

आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. आज घेऊ नका. पुढचा आठवडाभर तरी नकाच. मी बरीच वर्षं तिकीटविक्रीच्या आतल्या बाजूला काम करते आहे. कुठल्या कोट्यात किती तिकिटं ठेवायची हे ठरवण्यापासून ते शोच्या संध्याकाळी गेटजवळच्या मदत खिडकीत बसण्यापर्यंत सगळं केलंय. त्या अनुभवावरून सांगते, विक्री संपल्यावर पहिल्या काही तासांत रीसेलला जो भाव दिसतो, तो म्हणजे घाबरलेल्या माणसाकडून किती पैसे निघतील याचा विकणाऱ्याने बांधलेला अंदाज असतो. तो भाव टिकतोच असं नाही, आणि त्यामागे खरंखुरं तिकीट असतंच असंही नाही.

अर्थात हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. शो लहान हॉलमध्ये असेल, बँड दहा-दहा वर्षांनी एकदा बाहेर पडणारा असेल, किंवा तुम्हाला एकाच ठरावीक दिवशी जाणं शक्य असेल, तर थांबण्यातली जोखीम वाढते. तुम्ही जादा तारखेबद्दल विचारलंय, पण निर्णय खरा अडलाय तीन प्रश्नांवर. दिवस बदलला तर चालेल का? चौघांनी शेजारीशेजारीच बसायचंय का? आणि नाहीच मिळालं तर मनाला किती लागेल? ही तीन उत्तरं माझ्याकडे नाहीत. ती तुम्ही चौघांनी बसून काढायची. बाकीचं मी सांगते.

आधी ती 'सोल्ड आउट'ची पाटी. तिचा अर्थ एवढाच, की त्या क्षणी, त्या साइटवर, विक्रीला खुली असलेली तिकिटं संपली. स्टेडियममधली प्रत्येक जागा त्या दिवशी विक्रीला आलेली नसते. काही जागा फॅन क्लबच्या आणि कार्ड कंपन्यांच्या प्री-सेलमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी विक्री खुली व्हायच्या आधीच्या विक्रीत, गेलेल्या असतात. काही प्रायोजकांच्या, काही कलाकारांच्या पाहुण्यांच्या, काही स्टेडियमच्या स्वतःच्या. शिवाय ज्याला आम्ही 'प्रॉडक्शन होल्ड' म्हणतो, त्या जागा असतात. प्रत्यक्ष स्टेज उभं राहीपर्यंत कुठल्या खुर्चीतून काय दिसेल हे नक्की सांगता येत नाही. म्हणून साउंड डेस्क, लाइटचे टॉवर, कॅमेऱ्यांचे प्लॅटफॉर्म यांच्या आसपासच्या आणि स्टेजच्या अगदी बाजूच्या खुर्च्या सुरुवातीला विकतच नाहीत.

या जागा सुटतात कशा, तेही सांगते, कारण तुमच्या कामाचं आहे. स्टेज उभं राहिलं की तिकीट विभागातलं कुणीतरी आसनांचा छापील नकाशा आणि मार्कर घेऊन स्टँडमध्ये फिरतं. टॉवरच्या मागच्या ओळीत एकेका खुर्चीत बसायचं, स्टेजचा मध्य दिसतो का, मोठा पडदा दिसतो का, ते पाहायचं आणि नकाशावर खूण करायची. 'ओळ बारा, सातपासून पुढे चांगल्या. आठव्या ओळीतल्या पहिल्या चार अडतात.' ही माहिती ऑफिसात पोचली की चांगल्या खुर्च्या मूळ किमतीला साइटवर सोडल्या जातात आणि अडणाऱ्या एकतर 'दृश्य अंशतः अडेल' असं लिहून स्वस्तात जातात किंवा रिकाम्या राहतात. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पण कुणी न मागितलेल्या जागाही याच सुमाराला परत येतात. हे सगळं शोच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत घडतं, कधी शोच्या दिवशी दुपारीही. त्याची कुठे जाहिरात होत नाही. नकाशा उघडून बघणाऱ्यालाच त्या जागा दिसतात. दर मोठ्या शोला मी हे पाहते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्याच सकाळी कुणीतरी तिप्पट पैसे मोजून त्याहून मागची खुर्ची घेतलेली असते.

पाटी लागल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासातही तिकिटं परत येत असतात. कुणाचं कार्ड नाकारलं जातं, कुणाचा ओटीपी वेळेत येत नाही, कुणी कार्टमध्ये घेऊन मित्राला फोन लावत बसतो आणि घड्याळ संपतं. ती तिकिटं पुन्हा विक्रीला जातात. त्यामुळे पाटी पाहून लगेच खिडकी बंद करू नका.

आता जादा तारखांकडे येऊ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की मागणी पाहून बँडला अचानक उमाळा आला आणि त्यांनी आणखी एक शो लावला. प्रत्यक्षात टूर आखतानाच आयोजक स्टेडियमकडे एकाऐवजी दोन-तीन दिवस राखून ठेवतो आणि जाहीर मात्र एकच करतो. याचं कारण साधं आहे. तीन दिवस एकदम जाहीर केले आणि मागणी अडीच दिवसांचीच निघाली, तर तिन्ही दिवशी रिकामे स्टँड दिसतात. एक दिवस जाहीर केला, तो तासाभरात संपला, तर 'हाउसफुल'ची बातमी होते आणि त्याच लाटेवर दुसरा दिवस विकता येतो. आयोजकाला दुसरा दिवस हवाच असतो, कारण स्टेडियममध्ये स्टेज उभारायला काही दिवस लागतात, त्याचा खर्च प्रचंड असतो, आणि स्टेज एकदा उभं राहिलं की त्यावर दुसरा शो करणं पहिल्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

हे किती जुनं आणि किती सर्रास आहे ते पाहा. मार्च २००९ मध्ये मायकल जॅक्सनचे लंडनच्या ओटू अरीनात १० शो जाहीर झाले. मागणी पाहून ते ५० वर गेले. (त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचं निधन झालं, त्यामुळे त्यातला एकही शो झाला नाही.) ब्रिटिश गायिका केट बुश २०१४ मध्ये ३५ वर्षांनी पुन्हा स्टेजवर येणार होत्या. आधी १५ शो जाहीर झाले आणि मागणी बघून आणखी ७ वाढवले, एकूण २२. टेलर स्विफ्टच्या 'इराज टूर'चा अमेरिकेतला भाग नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला २७ शोंचा होता. त्याच महिन्यात विक्री उघडायच्या आतच तो ५२ वर पोचला, कारण प्री-सेलसाठी लाखोंनी नोंदणी केली होती. ओएसिस या ब्रिटिश बँडने ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडचे १४ शो जाहीर केले, विक्रीच्या आधीच ३ वाढवले, आणि नंतर लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमला आणखी २ लावले.

या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. जादा तारखा बहुतेक वेळा विक्रीच्या आधी, विक्रीच्या दिवशी किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत जाहीर होतात. आयोजकाला मागणी कळते ती नोंदणी, प्री-सेल आणि रांगेतल्या आकड्यांवरून, आणि हे आकडे त्याच्यासमोर तिथल्या तिथे येतात. बातमी ताजी असताना दुसरा दिवस विकण्यात त्याचा फायदा असतो. म्हणून मी तुम्हाला आठवडाभर थांबायला सांगितलं. माझ्या अनुभवात तेवढ्यात काही जाहीर झालं नाही, तर सलग दुसऱ्या दिवसाची आशा बरीच कमी होते. पुढच्या वर्षी टूरचा नवा टप्पा येऊ शकतो, पण तो वेगळा विषय.

तुमच्या शोला जादा तारीख लागण्याची शक्यता किती, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. टूरचं वेळापत्रक उघडा आणि तुमच्या शोच्या आधीचा आणि नंतरचा शो बघा. नंतर तीन-चार दिवस मोकळे असतील आणि पुढचं शहर जवळ असेल, तर जागा आहे. दुसऱ्याच दिवशी किंवा एक दिवस सोडून दूरच्या देशात शो असेल, तर जादा दिवस जवळपास अशक्य समजा, कारण स्टेज उतरवायचं, ट्रक भरायचे, सीमा ओलांडायची आणि पुन्हा उभारायचं, यातला एकही दिवस काढता येत नाही. मग स्टेडियमचं कॅलेंडर बघा. तिथे दुसऱ्या दिवशी सामना असेल तर विषय संपला. बँडच्या आधीच्या शहरांत काय झालं तेही बघा. जिथे पहिला दिवस लवकर संपला तिथे दुसरा लागला होता का? गायकाच्या आवाजाचाही विचार असतोच. बरेच गायक सलग तीन रात्री गात नाहीत, म्हणून जादा तारीख कधीकधी एक दिवस सोडून लागते. मोकळा दिसणारा दिवस म्हणजे राखून ठेवलेलाच दिवस असं नाही, पण मोकळा दिवसच नसेल तर मात्र मित्राच्या 'लागणारच'ला काही आधार नाही.

जादा तारीख लागली तर ती विकत घेणं पहिल्यापेक्षा थोडं सोपं जातं. पहिल्या दिवसाची तिकिटं मिळालेले बरेच लोक त्या रांगेत नसतात. कधी आयोजक आधी हुकलेल्यांना प्राधान्य देतात. ओएसिसच्या वेम्ब्लीच्या शेवटच्या दोन शोंसाठी तसंच झालं. पहिल्या विक्रीत प्रयत्न करून ज्यांना मिळालं नव्हतं, त्यांना सोडतीसाठी बोलावलं गेलं. म्हणून ज्या खात्यातून तुम्ही रांगेत उभे होतात ते खातं बंद करू नका, नवं काढू नका, आणि बँडच्या मेलिंग लिस्टवर चौघांचीही नावं घाला. एकाने चार नोंदण्या केल्या तर त्या बाद होऊ शकतात. चौघांनी एकेक केली तर चार संधी मिळतात.

रांगेबद्दल एकच गोष्ट, कारण तुम्ही आधीपासून बसून होता असं लिहिलंय. बहुतेक मोठ्या साइटवर विक्रीची वेळ होईपर्यंत सगळे एका वेटिंग रूममध्ये असतात आणि वेळ झाली की तिथल्या सगळ्यांना यादृच्छिक क्रमांक मिळतो. तासभर आधी आलेला आणि पाच मिनिटं आधी आलेला, दोघं सारखेच. वेळ झाल्यावर येणारा मात्र मागे लागतो. एकाच खात्याने सात टॅब उघडल्या तर बॉट, म्हणजे माणसाऐवजी तिकिटं उचलणारा प्रोग्राम, समजून बाहेर काढू शकतात. व्हीपीएन चालू असेल तरी तेच. कार्डाची माहिती आधी भरून ठेवा आणि बँकेची मर्यादा तपासा. तुमचा क्रमांक मागे लागला यात तुमचं काही चुकलं नव्हतं.

तुमची पाळी येईल तेव्हा किंमत किती दिसेल हेही आधी मनाशी ठरवून ठेवायला हवं, कारण आता मूळ विक्रीतही किंमत एकच नसते. ओएसिसच्या विक्रीत तासन् तास रांगेत थांबलेल्यांना सुमारे १५० पौंडांचं स्टँडिंग (उभं राहून पाहायचं) तिकीट ३५५ पौंडांना दिसलं. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाने चौकशी केली. भाव मिनिटामिनिटाला बदलणारी यंत्रणा त्यांना आढळली नाही. स्टँडिंगची तिकिटं दोन दरांत विभागली होती, स्वस्त संपली की महाग खुली होत होती, आणि रांगेतल्या लोकांना हे सांगितलं गेलं नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ही तिकिटं विकणाऱ्या टिकटमास्टर कंपनीने हमी दिली की असे टप्पे असतील तर ते २४ तास आधी सांगितलं जाईल. त्याआधी २०२२ मध्ये गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या अमेरिकेतल्या टूरला मागणीनुसार बदलणाऱ्या भावामुळे काही खुर्च्या चार-पाच हजार डॉलरच्या घरात गेल्या होत्या. 'प्लॅटिनम' शब्द दिसला तर फसू नका. बऱ्याचदा तीच खुर्ची, तेच गेट, फक्त भाव जास्त. पुढची ओळ, वेगळा दरवाजा, लाउंज असं काही तिकिटात लिहिलं असेल तरच ते आहे असं समजा.

याउलटही घडू शकतं, आणि ते मला मनापासून आवडलं. २०२३ च्या अमेरिकेतल्या टूरला 'द क्युअर' बँडचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी बदलते भाव नाकारले, तिकिटं कमी किमतीत ठेवली आणि जिथे कायद्याने शक्य होतं तिथे ती दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाहीत असं केलं. वरचं शुल्क अवाच्या सवा आहे म्हणून त्यांनी जाहीर आवाज उठवला, तेव्हा टिकटमास्टरने प्रत्येक तिकिटामागे ५ किंवा १० डॉलर परत केले. बँडने मनावर घेतलं तर खूप काही बदलतं. म्हणून तुमचा बँड रीसेलबद्दल काय म्हणतो ते त्यांच्या अधिकृत पानावर वाचा. त्यावर तुमचा पुढचा निर्णय बराच अवलंबून आहे.

आता रीसेल. तुम्ही शो कुठल्या देशात आहे ते लिहिलं नाही, आणि इथे देशागणिक कायदा बदलतो. आयर्लंडमध्ये २०२१ च्या कायद्याने मोठ्या ठिकाणच्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकायला बंदी आहे. जपानमध्ये २०१९ पासून असाच कायदा आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात जाहीर केलेल्या मोठ्या कार्यक्रमांना मूळ किमतीवर १० टक्क्यांची मर्यादा आहे. ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने होणारी फेरविक्री बंद करण्याचा बेत जाहीर केला. अमेरिकेत बॉट लावून तिकिटं उचलण्याविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण चढ्या भावाने विकणं बहुतेक राज्यांत चालतं. तुमचा शो बंदी असलेल्या देशात असेल आणि तरी तिप्पट भाव दिसत असेल, तर ती साइट त्या कायद्याला जुमानत नाही एवढं तरी कळतं. अशा साइटकडून अडचणीच्या वेळी मदत मिळेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी आयोजकाच्या अटी असतात. ओएसिसने आधीच सांगितलं होतं की तिकिटं फक्त टिकटमास्टर आणि ट्विकेट्स या रीसेल साइटवर, मूळ किमतीलाच विकता येतील, आणि इतरत्र विकलेली रद्द केली जातील. ब्रिटनमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवाच्या तिकिटावर तर नोंदणी केलेल्या माणसाचा फोटोच असतो. अशा शोचं तिकीट तिसऱ्याकडून घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. म्हणून पहिला शोध अधिकृत रीसेलवर घ्या, म्हणजे ज्या साइटने मूळ तिकीट विकलं तिच्यावरच, किंवा बँडने नाव घेऊन सांगितलेल्या साइटवर. मूळ साइटवर सहसा जुनं तिकीट रद्द होऊन तुमच्या नावाने नवं निघतं. बनावट तिकिटाची भीती बरीच कमी होते.

बाहेरच्या रीसेल साइटवर आज दिसणाऱ्या तिकिटांबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. विकणाऱ्याच्या हातात अजून तिकीट नसतानाही काही साइटवर ते विक्रीला लावता येतं. तो तुमच्याकडून तिप्पट पैसे घेतो, मग भाव उतरायची वाट पाहतो, उतरला की कुठून तरी घेऊन तुम्हाला देतो. नाही उतरला तर शोच्या आदल्या दिवशी तुम्हाला 'क्षमस्व, पैसे परत' असा मेल येतो. पैसे परत आले तरी तोवर तुमचा प्रवास, रजा, हॉटेल सगळं ठरलेलं असतं. जाहिरातीत ओळ आणि खुर्चीचा क्रमांक नसेल, नुसता विभाग लिहिला असेल, किंवा विक्री सुरू व्हायच्या आधीच तिकीट विक्रीला दिसत असेल, तर याच प्रकाराचा संशय घ्या.

भावाची चाल स्टेडियमच्या शोंना साधारण अशी दिसते. पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात चढा, कारण हुकलेले लोक अजून रागात आणि निराशेत असतात. जादा तारीख जाहीर झाली की एकदम खाली येतो. मग महिनोन्महिने सुस्त. शेवटच्या आठवड्यात ज्यांना जायला जमत नाही ते विकायला काढतात आणि ज्यांनी धंद्यासाठी घेऊन ठेवली तेही घाबरतात, कारण शो सुरू झाला की त्या तिकिटाची किंमत शून्य. त्यामुळे बऱ्याचदा शेवटच्या दोन-तीन दिवसांत भाव मूळ किमतीच्या जवळ येतो, कधी खालीही जातो. लहान हॉलला हे लागू नाही. तिथे विकणारेच मूठभर असतात. बँडचा शेवटचा म्हणून जाहीर झालेला शो असेल तरी भाव शेवटपर्यंत चढा राहू शकतो.

आता बनावट तिकिटांबद्दल, कारण सोशल मीडियावर 'एक तिकीट जास्त आहे' अशा पोस्ट तुम्हाला दिसायला लागल्या असतील. मदत खिडकीत माझ्यासमोर येणारी माणसं बहुतेक अशीच असतात. हातात फोन, फोनवर क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट, आणि स्कॅनरने लाल दिवा दाखवलेला. मी कोड टाकून बघते तर तो अर्ध्या तासापूर्वी दुसऱ्या गेटवर वापरलेला असतो. एकच कोड पाच जणांना विकलेला असतो आणि जो आधी पोचला तो आत गेला. बाकीच्या चौघांना सांगावं लागतं की तुमची काही चूक नाही, पण मी तुम्हाला आत सोडू शकत नाही. आत पहिलं गाणं सुरू झालेलं असतं आणि त्यांना ते ऐकू येत असतं. त्या वेळी माझ्याकडे देण्यासारखं काहीच नसतं, म्हणून आता आधीच सांगते. स्क्रीनशॉट कधीही घेऊ नका. बऱ्याच अ‍ॅपमध्ये आता कोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉटने गेट उघडतच नाही. तिकीट अ‍ॅपमधूनच तुमच्या खात्यात हस्तांतरित झालेलं दिसलं पाहिजे. पैसे क्रेडिट कार्डाने द्या, म्हणजे फसवणूक झाली तर बँकेकडे दाद मागता येते. अनोळखी माणसाच्या खात्यावर थेट पैसे पाठवले की ते परत मिळवायला फारसा मार्ग उरत नाही. 'अजून दोघं मागतायत, पाच मिनिटांत सांगा' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा.

चौघांनी शेजारीच बसायचा हट्ट असेल तर तो तुम्हाला सगळ्यात महाग पडणार आहे, रीसेलच्या भावापेक्षाही. सलग चार खुर्च्या फार क्वचित परत येतात. जोड्या नेहमी येतात. सुट्या जागा तर सगळ्यात जास्त उरतात, कारण लोक जोडीने किंवा चौघांनी घेतात आणि मध्ये एखादी खुर्ची अडकून राहते. दोन आणि दोन असे बसायला तयार झालात तर मूळ किमतीला तिकीट मिळायची शक्यता कितीतरी वाढते. स्टँडिंग चालत असेल तर प्रश्नच मिटला. चार तिकिटं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खात्यांवर घेतलीत तरी आत एकत्रच उभे राहाल.

प्रवासाचं मात्र काळजीपूर्वक करा. तिकीट हातात येण्याआधी रद्द न करता येणारं काहीही आरक्षित करू नका. आणि तिकीट असलं तरी शो होईलच याची हमी कुणी देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएन्नातले टेलर स्विफ्टचे तिन्ही शो हल्ल्याच्या कटामुळे रद्द झाले. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण दुरून आलेल्यांच्या विमान आणि हॉटेलच्या खर्चाचा भार तिकीट विकणारा उचलत नाही. रीसेलवर घेतलेलं असेल तर आणखी एक गुंता. शो रद्द झाल्यावर आयोजक मूळ खरेदीदाराला मूळ किंमत परत करतो. तुम्ही दिलेले तिप्पट पैसे परत करायचे की नाही, हे त्या रीसेल साइटच्या अटींवर ठरतं. त्या अटी खरेदीच्या आधी वाचा. शो पुढे ढकलला तर तिकीट सहसा नव्या तारखेला चालतं, आणि रीसेल साइट अशा वेळी बहुधा काहीच देत नाही.

आता हे सगळं तुमच्या कॅलेंडरवर मांडते. आज रात्री चौघांनी बसून एका माणसामागे जास्तीत जास्त किती, हा आकडा ठरवा. त्यात शुल्क धरा, कारण काही साइट ते शेवटच्या पानावर दाखवतात. आठवडाभर बँडच्या आणि आयोजकाच्या घोषणांवर लक्ष ठेवा, मूळ साइटवरचा नकाशा दिवसातून एकदोनदा उघडा. जादा तारीख लागली तर चौघांनी चार खात्यांवरून प्रयत्न करा. नाही लागली तर अधिकृत रीसेलवर तुमच्या कमाल किमतीची सूचना लावून ठेवा आणि विसरून जा. बरीच तिकिटं पगाराच्या तारखा, परीक्षा, लग्न, आजारपण अशा साध्या कारणांनी परत येतात आणि त्यांना ठरलेली वेळ नसते. शेवटच्या आठवड्यात पुन्हा रोज बघायला लागा, आणि शोच्या आधीचे दोन दिवस तर सकाळ-संध्याकाळ. प्रवास मोठा असल्याने तुम्हाला शेवटच्या क्षणापर्यंत ताणता येणार नाही, हे मला कळतं. म्हणून रद्द करता येणारी प्रवासाची तिकिटं आणि रद्द करता येणारं हॉटेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्या. त्या जास्तीच्या पैशांत तुम्हाला शेवटचे दोन-तीन दिवस मिळतात, आणि मूळ किमतीच्या चांगल्या जागा त्याच दिवसांत सुटतात.

आणि तुमचा दिवस ठरलेलाच असेल, दुसरी तारीख लागून उपयोग नसेल, तर बाहेरच्या रीसेलवर घेण्याचा निर्णय चुकीचा म्हणणार नाही. फक्त तो शोच्या दोन-तीन आठवडे आधी घ्या, ओळ आणि खुर्ची लिहिलेलं तिकीट घ्या आणि अ‍ॅपमध्ये लगेच हस्तांतर होणारं घ्या.

देश, स्टेडियम आणि टूरमधल्या आधीच्या-नंतरच्या तारखा कळवा. जादा दिवसाला जागा दिसते का आणि तिथला रीसेलचा नियम काय, ते बघून सांगते. स्टँडिंग चालेल की नाही तेही लिहा.